आत्याचा आवाज चालत नाही म्हणे

आमच्या आत्यानं भर दुकानात लाउडस्पीकरवरून मॅनेजरला आईबापांवरून शिव्या दिल्या, म्हणून तिला माइकवरून हाकललं, अशी बातमी आमच्या इमारतीच्या जिन्यात पसरली होती. पसरवणाऱ्या समोरच्या काकू. त्यांची एक रीत आहे. आधी दार अर्धं लावायचं, मग "मला काय करायचंय बाई" म्हणायचं, आणि मग जे करायचं ते सगळं करायचं. "मला काय करायचंय बाई, पण अशी शिवी हासडली, अश्शी हासडली, की भांड्यांच्या विभागातलं एक गिऱ्हाईक हातातली कढई टाकून पळालं!" खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत कढईचा कुकर झाला होता, आणि गेटवरच्या माणसानं मला विचारलं तेव्हा तो कुकर मॅनेजरच्या डोक्यात बसला होता.

साफ खोटं. शिवी दिली असती तर मॅनेजरनं ती हसून पचवली असती. शिव्या पचवण्यातच त्या माणसाची हयात गेली आहे. आत्या जे बोलली ते फार नम्र होतं, आणि घोडं तिथंच अडलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणते, "ऐकून घेणारा मिळाला नाही." आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहते आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात उद्घोषणा करते. टाचणीपासून पलंगापर्यंत सगळं मिळतं असं ते मजल्यांवर मजले चढवलेलं दुकान. सरकत्या जिन्याशेजारी काचेची एक केबिन आहे, तिच्यात माइक, आणि माइकसमोर आत्या. निदान तेव्हा होती.

तिच्याकडे दोन आवाज आहेत. घरातला आणि माइकवरचा. घरातला असा : "ए पोपट, चहा गार होतोय. की त्याला आमंत्रणपत्रिका छापू?" पोपट म्हणजे मी. मी मुलगी असले तरी पोपटच, कारण ऐकलेलं माणूस मी जसंच्या तसं काढून दाखवते. माइकवरचा आवाज मात्र मलाही नीट काढता येत नाही. त्यात साखर नाही, लाडीगोडी नाही. हरवलेल्या पोराच्या आईला ज्या आवाजात कोणीतरी "सापडला हो" म्हणावं, तो आवाज. हीच बाई घरी बाबांना "दादोबा, तुझ्या डोक्यात मेंदू आहे की नुसता भांग पाडायला जागा ठेवलीय" म्हणते, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

तर झालं असं. अत्तर विभागात एक विक्रेती होती, दिवस भरत आलेली. दुकानाचा नियम असा की गिऱ्हाईक दुकानात असेपर्यंत विक्रेत्यानं बसायचं नाही. बसलं की म्हणे दुकान आळशी दिसतं. ती पोरगी काउंटरला धरून उभी, तोंड पांढरंफटक. तिनं सुपरवायझरला विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. आत्याला हे केबिनमधून दिसलं. तिनं बटण दाबलं, टिंग टाँग वाजलं, आणि संपूर्ण दुकानाला माइकवरच्या आवाजात ऐकू आलं :

"ग्राहकांना नम्र विनंती. अत्तर विभागात आपल्या एका भगिनीला उभं राहवत नाहीये. जवळपास ज्यांना खुर्ची दिसेल, त्यांनी कृपया ती अत्तर विभागात पोचवावी. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

झालं. लोकांना एरवी सांगून काही पटत नाही, पण लाउडस्पीकरनं सांगितलं की पटतं. फर्निचर विभागातून खुर्च्या निघाल्या. किमतीची लेबलं लोंबकळत असलेल्या जेवणाच्या खुर्च्या, ऑफिसच्या चाकाच्या खुर्च्या. एक आजोबा तर झुलती आरामखुर्ची घेऊन सरकत्या जिन्यावरून खाली आले, आणि खुर्ची त्यांच्याआधी पोचली. मॅनेजर धावत आला तोवर अत्तर विभागात अत्तर घ्यायला जागा उरली नव्हती, आणि खुर्च्या आणणारी माणसं त्यालाच विचारत होती, "काय हो, तुमच्याकडे साधी बसायची सोय नाही?"

आता हा मॅनेजर. आत्या त्याला कुटुंबप्रमुख म्हणते. कारण त्याचं लाडकं वाक्य, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." हे म्हणताना तो हाताचे तळवे जोडून हळूहळू चोळतो, जणू मलम लावतोय. सुट्टी नाकारायची असली की कुटुंब. जादा काम सांगायचं असलं की कुटुंब. केस असे चापून बसवलेले की माशी घसरावी. दुसऱ्या दिवशी त्यानं आत्याला बोलावलं. आत्यानं घरी येऊन सांगितलेलं मी तेव्हाच पाठ केलं :

"ताई, आपण कुटुंब आहोत, म्हणून मनमोकळं बोलतो. ग्राहकांच्या तक्रारी येतायत. आवाज थोडा... थकलाय. वयोमानानं होतं. आम्हाला जरा फ्रेश, पॉझिटिव्ह आवाज हवाय. तुम्ही तळघरात बसा, परत आलेल्या मालाकडे बघा. आरामच आहे."

तळघरात लोकांनी वापरून परत केलेले बूट, बिघडलेले पंखे आणि एक मिणमिणता दिवा. बोलायला माणूस नाही. ज्या बाईचं पोट बोलण्यावर भरतं तिला मुक्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. हेतू उघड होता. कंटाळून तिनं आपणहून राजीनामा द्यावा, म्हणजे काढलं म्हणायला नको, की का काढलं ते सांगायला नको.

आमच्या घरच्या शूरवीरांचं काय? बाबा म्हणाले, "ताई, सोडून दे. इज्जत महत्त्वाची." बाबांची इज्जत अशी आहे की ती प्रत्येक ठिकाणाहून उठून बाहेर पडल्यानंच टिकते. मोठ्या काकांचा फोन आला : "मोठ्या माणसांशी कशाला पंगा घ्यायचा?" मोठे काका स्वतः शाळेतल्या शिपायाशीही पंगा घेत नाहीत. त्यांच्या आवाजात एक कायमचं घसा खाकरणं आहे, अह्हम, जणू मत बाहेर पडण्याआधी परवानगी मागतंय.

शेवटी तोंड उघडलं ते त्या अत्तरवाल्या पोरीनं. ती संध्याकाळी घरी आली, खुर्चीत बसली (आत्यानं आधी बसवलंच) आणि म्हणाली, "मावशी, माझ्या दिरालाही असंच बाजूला टाकलं होतं. तो एका वकिलांच्या फर्मकडे गेला होता. जुनी आहे, नाववाली. चला तुम्ही."

"नाववाल्या फर्मी आपल्यासाठी नसतात," बाबा म्हणाले.

"मग कोणासाठी असतात? तुझ्या भांगासाठी?" आत्या म्हणाली, आणि मला म्हणाली, "पोपट, चप्पल घाल."

फर्मचं ऑफिस पाहून मला हसू आवरेना. दारावर पितळी पाटी, तिच्यावर ओळीनं नावं, आणि त्यातली बहुतेक माणसं वारलेली. आत गालिचा इतका जाड की पाय टाकला की बूट हरवल्यासारखा वाटावा. रिसेप्शनवरची बाई "बसा ना" असं म्हणाली, जणू शेजारच्या खोलीत कोणाचा शेवटचा श्वास चाललाय. सगळे हळू बोलतात. कागदसुद्धा हळू उलटतात. मला वाटलं होतं, वकील म्हणजे टेबलावर मूठ आपटणारा, "मी त्या दुकानाच्या विटा मोजून घेईन" म्हणणारा. आमच्या वाट्याला आल्या वकीलबाई. लहानखुऱ्या, पांढरे केस, आणि नाक कायम चोंदलेलं.

"दबस्कार," त्या म्हणाल्या. "बसा. सांगा, काय झालं?"

मी आत्याकडे बघितलं. माझा चेहरा सांगत असावा की निघू या. आत्यानं डोळे वटारले.

पैशांचं काय ते त्यांच्या हाताखालच्या ज्युनियर वकिलानं दोन वाक्यांत मिटवून टाकलं, की जमेल तेव्हा जमेल तसं, नाहीतर नाही. मग आत्यानं सुरुवात केली. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की त्याला बंद करायचं बटण नाही. "तो तेलकट, तो दुतोंडी, तो तळवे चोळणारा नालायक..."

वकीलबाईंनी बोट वर केलं. "एक विनंती. विशेषणं बाहेर ठेवा."

"काय?"

"आमची पद्धत आहे. अशील आला की सगळं सांगतो. मग परत सांगतो, विशेषणं काढून. मग परत, आणखी काढून. जे शेवटी उरतं ते आमचं काम."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला विवस्त्र व्हायला सांगितलंय. विशेषणं काढली तर आत्या उरते किती? तरी तिनं सुरुवात केली. "तो... माणूस. मला म्हणाला. की माझा आवाज..." मग दम खाल्ला. "पाणी मिळेल?"

"मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "तोंडात विशेषण आलं की घोटभर प्या."

त्या दिवशी आत्यानं त्यांचा जग संपवला. ज्युनियर दुसरा घेऊन आला. माझ्या मनात आलं, ह्या काय जिंकणार, ह्यांना भांडणच येत नाही. नाववाली फर्म म्हणजे सभ्यतेची दुकानदारी, आतून पोकळ. आणि मग तिसऱ्या फेरीला, सगळं पाणी पोटात गेल्यावर, आत्याचा बांध फुटलाच.

"...आणि म्हणे आवाज थकलाय! अहो, मी खाली लोकांच्या घामट बुटांपाशी बसलेली असते, आणि वर माझाच आवाज लोकांना सांगत असतो की मुलांचा हात धरा. निर्लज्ज कुठला! ते जाऊ दे, खरा मुद्दा असा की तो बुटका..."

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "मागचं वाक्य."

"बुटका?"

"त्याच्या मागचं."

आत्या गोंधळली. मीही. वकीलबाईंनी रुमालात नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला, आणि पहिल्यांदाच पुढे झुकून बसल्या. "तुमचा आवाज वर अजून वाजतोय?"

वाजत होता. गेल्या वर्षी दुकानानं मशीन आणलं होतं. रोजच्या रोज तेच तेच सांगायला माणूस कशाला, म्हणून आत्याकडून नेहमीच्या सगळ्या सूचना एका दुपारी बोलून घेतल्या होत्या. सरकता जिना, हरवलेल्या वस्तू, दुकान बंद होण्याची वेळ. आत्याला काढलं, नवी पोरगी बसवली, पण ती पोरगी नव्या ऑफर तेवढ्या सांगायची. बाकी सगळं अजून आत्याच बोलत होती, छतातून, दिवसभर. आत्याच्या दृष्टीनं हा अपमानावर अपमान होता. मुद्दा आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या दुःखाच्या ढिगात ते एक किरकोळ दुःख होतं.

"मी आता काय करू?" आत्यानं विचारलं. आवाज घरातला, पण बराच खाली आलेला.

"तुम्ही तळघरात जा. रोज. वेळेवर. दिलेलं काम करा. उलट बोलू नका. राजीनामा सोडून त्यांनी काहीही मागितलं तर द्या."

"आणि तुम्ही?"

"आम्ही कंटाळवाणं काम करतो."

खरंच कंटाळवाणं केलं. नोटीस गेली. तिच्यात एक विशेषण नव्हतं, मी शोधून पाहिलं. आणि रोज संध्याकाळी ज्युनियरचा फोन यायचा. रोज तेच : "आज कुठं बसवलं? काय काम दिलं? कोणी काही बोललं?" त्याचा आवाज असा सपाट की त्याच्यावर पोळपाट ठेवता येईल. मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. आत्या हसली नाही. नंतर लक्षात आलं की दिवसभरात तिच्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं.

एकदा ती घरी आली आणि काहीच बोलली नाही. चहाला नाव ठेवलं नाही, बाबांच्या भांगाला नाही. त्या दिवशी कुटुंबप्रमुखानं तळघरात येऊन, तळवे चोळत, मोठ्या मनानं सांगितलं होतं, "ताई, कशाला त्रास करून घेता? कागद तयार आहे, सही करा, छान निरोप समारंभ करू. केक कापू." आत्या पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा दारातून म्हणाले, "मी म्हणत होतो." यासारखं कोरडं वाक्य जगात नसेल. फोन वाजला. ज्युनियर म्हणाला, "आज कुठं बसवलं?" आत्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "सही करू का?"

तिकडून सपाट आवाज : "नका करू. उद्या मी परत फोन करतो. काय काम दिलं आज?"

ती सांगायला लागली. पंख्याची पाती मोडून आली होती, ती तिनं वेगळी ठेवली होती. सांगता सांगता तिचा आवाज हळूहळू जागेवर आला. ह्या पोकळ सभ्य माणसांबद्दल मी त्या दिवसापासून जरा जपून बोलायला लागले. फार नाही, जरा.

मग कामगार अधिकाऱ्यासमोर बैठक ठरली. वकीलबाईंनी एवढंच मागितलं की बैठक दुकानातच व्हावी, कारण कामाची जागा बघायला हवी. अधिकारी लगेच तयार झाले. त्यांच्या कचेरीत पंखासुद्धा धड फिरत नव्हता आणि दुकानात एसी होता. घरचं एक माणूस बसवता येईल म्हणाले. बाबांना नेलं असतं तर त्यांनी आत शिरताच माफी मागितली असती, कशाची ते विचारायच्या आधी. म्हणून मी गेले.

मीटिंगची खोली, लांब टेबल. एका बाजूला कुटुंबप्रमुख आणि कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला आत्या, वकीलबाई, ज्युनियर, आणि कोपऱ्यात मी. आत्यासमोर पाण्याचा जग. अधिकारी डोळे मिटून गारवा खात होते.

कुटुंबप्रमुखानं तळवे जोडले. "सर, ताई आमच्या कुटुंबातल्याच. आम्हाला काय आनंद होतो का? पण सर, घरात आजी असते, तिला आपण आदरानं बसवतो. तिला गायला लावतो का?"

आत्यानं पाणी प्यायलं.

"ग्राहक म्हणतात, आवाज कर्कश झालाय. कानाला खुपतो. खरेदीचा मूड जातो."

आत्यानं पाणी प्यायलं. अधिकाऱ्यांनी डोळे उघडून काळजीनं तिच्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं बाईंना साखरेचा आजार आहे.

वकीलबाईंनी नाक पुसलं. "म्हणजे हा आवाज दुकानात चालणार नाही."

"अजिबात नाही."

"एक दिवससुद्धा?"

"मॅडम, एक दिवससुद्धा नाही. ग्राहक आमचा देव आहे."

"लिहून घ्या साहेब," वकीलबाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या. त्यांनी लिहिलं. मग वकीलबाई गप्प बसल्या. नुसत्या गप्प. रुमाल घडी केला, उलगडला. कंपनीचे वकील घड्याळ बघायला लागले.

"पुढं?" अधिकारी म्हणाले.

"जरा थांबू या."

आणि छतात टिंग टाँग वाजलं.

"ग्राहकांना नम्र विनंती. सरकत्या जिन्यावर लहान मुलांचा हात धरून ठेवावा. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याच्या तोंडात पाणी होतं, गाल फुगलेले. त्यांनी छताकडे पाहिलं. कंपनीच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. कुटुंबप्रमुख मात्र तसाच हसत होता, तळवे जोडून.

"हा आवाज कोणाचा?" वकीलबाईंनी विचारलं.

"कुठला?"

"आत्ता आला तो."

"कुठं काय आलं?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. "काही नाही आलं."

देवाशप्पथ सांगते, तो खोटं बोलत नव्हता. हीच तर मजा. वर्षानुवर्षं तो आवाज कानावर पडून पडून त्याला ऐकूच येईनासा झाला होता. ज्याला आवाज ऐकूच येत नाही, तो सांगत होता की आवाज कानाला खुपतो. मला हसू फुटलं, म्हणून मी खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखं केलं.

"मला आलं की ऐकू," अधिकारी म्हणाले.

"परत येईल," वकीलबाई म्हणाल्या. "आब्ही थांबतो."

सगळे थांबले. सगळी माणसं छताकडे बघत बसली, जणू तिथून पाल पडणार आहे. कुटुंबप्रमुखही बघायला लागला, कारण सगळे बघत होते. आणि पुन्हा टिंग टाँग, पुन्हा तोच आवाज, हरवलेल्या वस्तूंसाठी तळमजल्यावर चौकशी करावी म्हणाला. ह्या वेळी त्याला ऐकू आला. चेहऱ्यावरून कळलं. आधी हसू गेलं, मग रंग गेला, मग तळवे सुटे झाले.

"ते... सर, ते मशीन आहे."

"मशीनमध्ये आवाज कोणाचा?" अधिकारी.

"त्यांचा... पण नवीन रेकॉर्डिंग करायचंय, राहूनच गेलं..."

"ग्राहकांना त्रास होतो म्हणालात. मग इतके दिवस त्रास कोण देतंय?"

"म्हणजे आवाज चालतो," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त बाई चालत नाहीत. का चालत नाहीत, ते आता बोलू या. खुर्च्यांबद्दल."

कंपनीच्या वकिलांनी थोडा वेळ मागितला, कुटुंबप्रमुखाच्या दंडाला धरलं आणि बाहेर नेलं. काचेपलीकडे ते जे बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांच्या तोंडात विशेषणं होती हे मी ओठांवरून सांगू शकते.

समझोता झाला. आत्या परत केबिनमध्ये. तक्रारी नव्हत्या हे लेखी. प्रत्येक काउंटरमागे एक खुर्ची, आणि ती वापरली तर कोणी काही म्हणायचं नाही. अधिकाऱ्यांनी सही केली आणि एसीकडे शेवटचं बघून गेले. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं. एवढ्यावर सोडायचं? आत्यालाही तसंच वाटत असावं, कारण ती म्हणाली, "त्यानं माइकवरून माफी मागायला हवी. सगळ्या दुकानासमोर."

"माइकवर बोलायला त्याला तुमच्या खुर्चीत बसावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "बसू द्याल?"

"मेले तरी नाही."

"मग सोडा." आणि त्यांनी पुढच्या अशिलाचे कागद काढले. दरवाज्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत, आशीर्वाद दिले नाहीत, "न्यायाचा विजय" वगैरे तर नाहीच. शिंकल्या तेवढ्या.

बाहेर पडल्यावर मी आत्याला म्हटलं, "आता बघ. पहिल्याच दिवशी तू त्याला माइकवरून चिमटा काढणार."

"नाही काढणार."

"आत्या, तुझी जीभ मला माहीत आहे. तू साधं 'शुभ सकाळ' म्हणशील त्यातही त्याचं तेल काढशील. पैज."

"लाव. हरलीस तर आठवडाभर नक्कल बंद. कोणाचीही."

"आणि तू हरलीस तर मला एकदा माइकवर बोलू द्यायचं."

"कबूल," ती म्हणाली, इतक्या चटकन की मला तिथंच शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी मी शाळेतून सरळ दुकानात गेले आणि बुटांच्या विभागात ठाण मांडलं. बूट घालायचे, काढायचे, कान छताला. सरकता जिना, नम्र विनंती. मोजे दुसऱ्या मजल्यावर, आभारी आहोत. एका हरवलेल्या मुलाची आजी केबिनपाशी वाट बघतेय, काळजी नसावी. कुटुंबप्रमुख समोरच्या रांगेतून फिरत होता. टिंग टाँग वाजलं की त्याची मान खांद्यांत जायची. दर वेळी. त्यालाही माझ्यासारखीच खात्री होती. तो वाट बघत होता, मी वाट बघत होते. आणि मग आयती संधी आली. त्याच्यासाठी फोन आला.

टिंग टाँग. "व्यवस्थापक साहेबांनी कृपया चौकशी खिडकीपाशी यावं. साहेबांसाठी फोन आहे. धन्यवाद."

बस. ना एक शब्द कमी, ना एक जास्त. अजिजी नाही, टोमणा नाही, विरामात काही लपवलेलं नाही. हरवलेल्या पोराला जो आवाज, तोच ह्याला. मी कान टवकारून ऐकलं, मला फटच सापडेना. कुटुंबप्रमुख मान खांद्यांत घालून तसाच उभा राहिला, चिमटा अजून यायचाय अशा आशेनं. आला नाही. संध्याकाळपर्यंत तो माणूस पार सुकला होता.

आत्या घरी आली, पिशवी ठेवली, चप्पल भिरकावली. "मूर्ख पोरी," ती म्हणाली, "माइक काय माझ्या बापाचा आहे? तिथं मी दुकानाची. हरलीस." मग खुर्चीत बसली आणि इतक्या दिवसांची पाण्याबरोबर गिळलेली सगळी विशेषणं एकदम बाहेर काढली. तेलकटपासून सुरू केलं ते कुठल्या कुठं गेली. बाबा कानावर हात ठेवून आत पळाले. माझ्या अंगात आलं. मी उठले, तळवे जोडले, ओठ ताणले...

तिनं बोट वर केलं. "आठवडाभर."

मी बसले. आणि मग तिनं, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतः कुटुंबप्रमुखाची नक्कल करायला घेतली. "आपण सगळे एक कुटुंब आहोत." भयंकर वाईट. तळवे चुकीच्या बाजूनं चोळत होती, आवाज नाकातून काढत होती जिथं तो घशातून येतो, आणि वर स्वतःच खदाखदा हसत होती. मी दातावर दात रोवून बघत राहिले. मला दुरुस्तही करता येईना.